पहिलं निवासी कलाशिबिर : न्हाणीपासून घुमटापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना तोंडावर आला की गोव्यात शाळांच्या फलकांवर, ग्रंथालयांच्या दारांत, रवींद्र भवनांच्या आवारात कलाशिबिरांचे कागद लागतात. चित्रकला, मातीकाम, नाट्य, घुमट हे मातीचं वाद्य, फुगडी. यातली बरीचशी शिबिरं सकाळी सुरू होऊन दुपारी संपतात. मूल जेवायला घरी येतं, रात्री आपल्या गादीवर झोपतं. त्यांच्याबद्दल आज काही सांगत नाही. आजचा विषय आहे निवासी शिबिराचा, पाच-सात दिवसांच्या, आणि तिथे पहिल्यांदाच राहायला निघालेल्या ९ ते १२ वर्षांच्या मुलाचा.

या मुलाची तयारी सुरू झाली की घरात आधी रंगांची खरेदी होते. महागडा संच येतो, ब्रशांचे आठ-आठ नंबर येतात. मुलाला स्वतःची चड्डी धुऊन, पिळून, दोरीवर वाळत घालता येते का, हे मात्र कोणी बघत नाही. शिबिरं चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ते एकच सांगतील. माती आणि रंग समोर असताना मुलं क्वचितच रडतात. रडू येतं ते न्हाणीत, जेवणाच्या पंगतीत आणि संध्याकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान. तेव्हा सुरुवात न्हाणीपासूनच करू.

निवासी शिबिराला मोठी आणि स्वस्त जागा लागते. म्हणून ती भरतात शाळांच्या इमारतींत, वसतिगृहांत, नाहीतर देवळांच्या अग्रशाळांत, म्हणजे भाविकांना उतरायच्या खोल्यांत. अशा ठिकाणी संडास बहुधा उकिडवं बसायचा असतो. पणजी, पर्वरी, मडगावच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने तो कधी वापरलेला नसतो. ते कुणाला सांगत नाही, दोन दिवस तसंच दाबून ठेवतं आणि तिसऱ्या दिवशी पोट धरून बसतं. मग सगळे जेवणाला दोष देतात. याला औषध एकच : शिबिराच्या महिनाभर आधी आजोळच्या घरी, नाहीतर कुठेही असा संडास असेल तिथे, चार-पाच वेळा सवय करून घ्यायची. तोल कसा सांभाळायचा, कपडे कुठे अडकवायचे, नंतर किती पाणी ओतायचं, हे सगळं सांगून. यात लाजण्यासारखं काही नाही.

अंघोळीचंही तसंच. शॉवरखाली न्हाणाऱ्या मुलाला एका बालदीत केस धुऊन अंघोळ उरकायची तर हिशेब जमत नाही. डोक्याला साबण लावून होतो आणि पाणी संपतं. घरी आठवडाभर एकच बालदी द्या, साधारण १५ ते २० लिटरची. आधी अंग, मग केस, आणि शेवटचे चार तांबे राखून ठेवायचे. लांब केसांच्या मुलीला स्वतःची वेणी घालता यायला हवी. नसेल येत तर जाण्याआधी केस थोडे कमी करून टाका. रोज सकाळी वीस मुलींच्या वेण्या घालत बसायला तिथल्या ताईंना वेळ नसतो.

आता जेवण. आपल्याकडे शिबिरात दुपारी भात-आमटी किंवा हुमण, म्हणजे माशांचं कालवण, असतं, सकाळी पाव-भाजी नाहीतर पेज. मासे असतील तर बांगडा बऱ्याच वेळा असतो, कारण तो पुष्कळ मिळतो आणि परवडतो. अडचण अशी की दहा वर्षांच्या कितीतरी मुलांना घरी आई काटे काढून देते. पंगतीत तसं कोणी देत नाही. तेव्हा मधला काटा कसा उचलायचा, कडेचे बारीक काटे कुठे असतात, हे घरी बसून शिकवा. नाहीच जमलं तर मुलाला सांगून ठेवा की आमटी-भात घे, मासा सोड, कोणी रागावणार नाही. घरी सोमवार पाळत असाल, किंवा मूल शाकाहारी असेल, तर ते अर्जावर लिहा आणि मुलालाही स्पष्ट सांगा. वाढप्यासमोर उभं राहून धर्मसंकटात पडायची वेळ लहान मुलावर येऊ नये. शेंगदाणे, काजू, कोलंबी, अंडं यांची अ‍ॅलर्जी असेल तर अर्जातली एक ओळ पुरत नाही. पहिल्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भेटून तोंडी सांगायचं.

कपड्यांबाबत मे महिन्यातला गोवा ध्यानात ठेवा. हवा दमट, घाम खूप, आणि धुतलेलं लवकर वाळत नाही. जाड टर्किश टॉवेल दुसऱ्या दिवसापासून कुबट वास मारतो. त्याऐवजी दोन पातळ पंचे द्या. सात दिवसांच्या शिबिराला आतले कपडे ९, सुती सदरे ५, चड्ड्या किंवा सलवारी ४, रात्रीचे कपडे २ जोड. कामाचे कपडे वेगळे २ जोड, जे फेकून दिले तरी चालतील असे. बाबांचा जुना शर्ट उलटा घालून पाठीमागे गुंड्या लावल्या की उत्तम एप्रन होतो, बाह्या कोपरापर्यंत कापायच्या. पायांत पट्ट्याच्या चपला, कारण ओल्या न्हाणीत साध्या चपला घसरतात. पावसाची छत्री नको, रेनकोट द्या. पाऊस गोव्यात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो हे खरं, पण मे महिन्यातही एखाद्या संध्याकाळी गडगडाटासह सर येते आणि त्याच सुमारास वीजही जाते. त्यासाठी छोटी बॅटरी. शिवाय एक लिटरची पाण्याची बाटली, टोपी, डासांचं मलम, साबणदाणी, दोरीला लावायचे सहा चिमटे, आणि ओल्या कपड्यांसाठी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या.

प्रत्येक वस्तूवर नाव हवं, पण आतल्या बाजूला. पिशवीच्या दर्शनी भागावर मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो. काळ्या कपड्यांवर पेन उमटत नाही, तिथे लाल दोऱ्याचे दोन टाके घाला आणि ते मुलाला दाखवून ठेवा. कारण दोरीवर वीस सारखे पंचे वाळत असतात, आणि आपला कुठला हे त्याला एकट्याने ओळखायचं असतं. पिशवी मुलानेच भरायची. तुम्ही यादी वाचा, तो ठेवील. तुम्ही सुंदर घड्या करून भरलेली पिशवी पहिल्याच रात्री उपसली जाते आणि पुन्हा कधी बंद होत नाही. भरून झाली की ती उचलून त्याने घरातला जिना एकदा चढावा. धाप लागली तर वजन कमी करा.

जागा ठरवण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या, आणि विचारायला संकोच करू नका. रात्री मुलांच्या खोलीजवळ कोण झोपतं? मुलींसाठी बाई आहेत का, रात्रभर आहेत का? आमच्या मते ८-१० मुलांमागे एक मोठं माणूस असायला हवं, आणि ते रात्रीही. जवळचं आरोग्य केंद्र कुठे, रात्री गाडी आहे का, पिण्याचं पाणी गाळलेलं की उकळलेलं? कोणत्याही मोठ्या माणसाने मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही, असा नियम तिथे आहे का, हेही विचारा. या प्रश्नावर आयोजक चिडले तर शिबिर बदला. मुलांच्या संरक्षणासाठी गोव्याचा स्वतःचा बालहक्क कायदा २००३ पासून आहे, देशाचा पोक्सो कायदा २०१२चा. पण मुलाला कायदा सांगून उपयोग नाही. त्याला सांगायचं ते इतकंच, की अंगाला कोणी हात लावला आणि तो नकोसा वाटला तर मोठ्याने नाही म्हण, तिथून निघ, आणि ताईंना सांग. ताईंनी ऐकलं नाही तर आम्हाला सांग. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर पाठ करून घ्या.

काही गोष्टी आयोजकांना खासगीत सांगायच्या असतात आणि पालक नेमक्या त्याच लपवतात. मूल कधीमधी अंथरूण ओलं करतं, झोपेत चालतं, दमा आहे, अंधाराला घाबरतं. अंथरुणाचं आधी सांगितलं तर ताई रात्री अकराला हळूच उठवून नेतात आणि पहाटे चादर गुपचूप बदलतात, कोणाला कळत नाही. सांगितलं नाही तर सकाळी सगळ्या खोलीला कळतं, आणि उरलेले सहा दिवस त्या मुलाचं शिबिर संपलेलं असतं. १०-१२ वर्षांच्या मुलीला पाळी सुरू झाली नसली तरी चार पॅड एका कापडी थैलीत द्या आणि कसे वापरायचे ते दाखवा. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आयोजकांच्या हातात. मुलाच्या खिशात गोळ्या नकोत, त्या शेजारच्या मुलाला वाटल्या जातात.

आता संध्याकाळचा तो कठीण वेळ. दिवसभर कामात मूल रमलेलं असतं. तिन्हीसांजेला, घरी देवापुढे दिवा लागतो त्या वेळी, पोटात गोळा येतो. हे बहुतेक मुलांना होतं, धीट मुलांनाही. पहिल्या दोन-तीन रात्री जास्त, पुढे ओसरतं. घरात याची तयारी करायची ती दोन प्रकारे. एक म्हणजे सराव : शिबिराआधी दोनदा तरी मावशीकडे, आत्याकडे एकट्याने रात्र काढायची, आणि त्या रात्री तुमचा फोन नाही. दुसरं म्हणजे काय बोलायचं नाही ते ठरवायचं. ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येऊ’ हे वाक्य मायेपोटी तोंडून जातं, पण त्याने घात होतो. मूल मग रमायचं सोडून, करमतंय का, हेच दिवसभर तपासत राहतं. त्याऐवजी त्याला करायला काम द्या. रडू आलं तर तोंड धू, पाणी पी, ताईंजवळ जाऊन बस, आजचं चित्र वहीत काढ. ‘रडू नको’ असं तर मुळीच सांगू नका. रडलं म्हणजे आपण नापास झालो, असं त्याला वाटतं.

फोन शक्यतो नकोच. करायचाच असेल तर सकाळी न्याहारीनंतर, पुढचं काम लगेच सुरू होणार असेल तेव्हा. रात्री साडेआठचा फोन आवरलेलं मूलही बिघडवतो. चिठ्ठ्या मात्र जरूर द्या, दुसऱ्या आणि चौथ्या दिवसासाठी, पाकिटावर दिवस घालून आयोजकांकडे. चिठ्ठीत ‘तुझ्याविना घर खायला उठतं’, ‘आजी जेवली नाही’ असलं काही लिहू नका. कुत्र्याने बाबांची चप्पल पळवली, मानकुराद या वर्षी गोड निघाला, असं लिहा. आंब्याच्या बातमीने मूल हिरमुसत नाही, उलट आपला वाटा ठेवायला सांगतं.

इतकं झालं की मग कला. ९-१० वर्षांचं मूल एका कामावर सलग सव्वा-दीड तास टिकतं. वेळापत्रकात तीन-तीन तासांची सत्रं दिसली तर ते वेळापत्रक मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलं आहे असं समजा.

मातीकामात पहिला दिवस मळण्यातच जातो आणि तो जावा. माती नीट मळली नाही की आत हवा आणि कोरडे खडे राहतात. मुलांचा आवडता प्राणी हत्ती, आणि नेमका तोच मोडतो. कारण मुलं भरीव गोळ्याचं जाड अंग करतात आणि त्याला बारीक सोंड नुसती चिकटवतात. बारीक भाग आधी वाळतो, वाळताना आकसतो, जाड भाग अजून ओलाच असतो, मग जोडावर भेग पडते. उपाय सोपा आहे. दोन्ही पृष्ठभागांवर काट्याने रेघा ओढायच्या, त्याच मातीचा पातळ चिखल लावायचा, दाबून जोडायचं, आणि अंग आतून पोकळ करून भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड ठेवायची. मग पूर्ण वस्तू प्लॅस्टिकखाली सैल झाकून सावलीत सावकाश वाळू द्यायची. उन्हात ठेवून घाई केली की हत्ती गेला.

घुमट हे बहुतेक मुलांचं पहिलं प्रेम ठरतं. २०१९ साली त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली आणि तेव्हापासून शिबिरांत त्याची मागणी वाढली. मातीचा घडा, दोन तोंडांचा. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. एका हाताची बोटं कातड्यावर पडतात, दुसऱ्या हाताचा तळवा मागचं तोंड झाकत-उघडत आवाज घुमवतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. कोणी ‘अस्सल’ म्हणून घोरपडीचं घुमट विकत देऊ केलं तर घेऊ नका. मुलांच्या हातून घुमट फुटतं ते वाजवताना नाही, उठताना. मांडीवर घेऊन बसलेलं मूल जेवणाची घंटा ऐकून उठतं आणि घडा फरशीवर. म्हणून आधी चुंबळ समोर ठेवायची, घुमट तिच्यावर टेकवायचं, मगच उठायचं, हे पहिल्या तासाला शिकवतात. दमट हवेत कातडं सैल पडून आवाज बसतो. पाच-दहा मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवलं की परत चढतो, तासभर विसरलं की कातडं फाटतं. दुसऱ्या दिवशी बोटांची टोकं लाल होतात. त्यावर गार पाणी आणि एक दिवस विश्रांती पुरे.

कावी कलेचं नाव जाहिरातीत असेल तर एक चौकशी करा. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर दिसणारं हे काम ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन, तो खरवडून केलेलं असतं. खरा चुना त्वचा भाजतो आणि डोळ्यांत गेला तर इजा करतो. मुलांच्या हाती तो देऊ नये. जाड पुठ्ठ्यावर आधी पांढरा पोस्टर रंग, तो पूर्ण वाळल्यावर गेरूचा लाल थर, आणि हा थर अर्धवट ओला असताना बांबूच्या काडीने खरवडायचं, इतक्याने कावीची रीत नीट समजते. थर पूर्ण वाळला तर कपचे उडतात, फार ओला असेल तर रेघ भरून येते. ती मधली वेळ साधणं हाच धडा.

कपड्यांवरचे डाग तीन जातींचे. पोस्टर रंग साबणाने जातो. अ‍ॅक्रेलिक ओला असताना गार पाण्याने जातो, वाळला की प्लॅस्टिक होतो आणि कायमचा राहतो. आणि काजूच्या बोंडाचा रस. तो कशानेही जात नाही, म्हणून कुळागरात किंवा भाटात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, फेरी असेल त्या दिवशी पांढरं घालू नये.

नाट्याबद्दल थोडक्यात. तिसऱ्या दिवशी अर्ध्या मुलांचे घसे बसतात, कारण त्यांना संवाद म्हणजे ओरडणं वाटतं. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या आणि गारेगारला पूर्ण बंदी. मुलाला झाडाची किंवा पडदा ओढायची भूमिका मिळाली तर मुलापेक्षा पालकच जास्त खट्टू होतात. फोन करून भूमिका बदलून मागणारे पालक असतात, हे आयोजक तुम्हाला सांगणार नाहीत, पण असतात. पडदा ओढणाऱ्या मुलाला सगळं नाटक पाठ असावं लागतं.

सत्तरीसारख्या जंगलाजवळच्या भागात शिबिर असेल तर माकडतापाची माहिती घ्या. सत्तरीत २०१५पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत, तो गोचिडीतून पसरतो, आणि त्याचा हंगाम साधारण जानेवारी ते मे. जंगलफेरी असेल तर पूर्ण बाह्या, लांब विजार मोज्यांत खोचलेली, परत आल्यावर अंघोळ आणि काखा, मान, कानांमागे गोचीड तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. व्हाळ (ओढा) किंवा समुद्र कार्यक्रमात असेल तर पाण्यात कोण उतरणार, जीवरक्षक आहे का, हे विचारा, नाहीतर त्या फेरीतून मुलाला वगळायला सांगा. उन्हाने मरगळलेल्या मुलासाठी ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी हा अंदाजपंचे प्रकार करायचा नाही. तयार पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं.

समारोपाला वेळेवर जा. सगळ्यांचे आई-बाबा आलेत आणि आपलेच नाहीत, ही अर्धी घटका मुलाच्या लक्षात राहते. भेटताच ‘रडलास का, वाळलास किती’ विचारू नका. गाडीत बसल्यावर ते बहुधा झोपून जाईल. पुढचे दोन दिवस चिडचिड होईल, गप्प बसेल, शिबिरातल्या मित्रांचीच नावं घेईल. तो थकवा असतो. ‘मज्जा आली का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. घुमट खाली कसं ठेवायचं, लाल थर कधी खरवडायचा, असं विचारा, मग तासभर ऐकायची तयारी ठेवा. पाहुण्यांपुढे संवाद म्हणून दाखवायला लावू नका. पिशवी अंगणातच उघडा, सगळे कपडे गरम पाण्यात घाला, आणि उवांची फणी सलग दोन आठवडे, दर तीन दिवसांनी फिरवा, कारण लिखांतून उवा आठ-दहा दिवसांनी बाहेर पडतात.

मातीचा हत्ती कच्चाच घरी येतो. आठवडाभराच्या शिबिरात तो वाळून भाजला जाणं शक्य नसतं. त्याला पाण्याने पुसू नका, चिखल होईल. वर्तमानपत्रावर, वाऱ्यापासून दूर, सावलीत दोन आठवडे ठेवा. भाजून हवा असेल तर डिचोलीकडे अजून कुंभारकाम चालतं, तिथे विचारता येईल. पण ओली वस्तू भट्टीत घातली की आतल्या पाण्याची वाफ होते, वस्तू फुटते आणि शेजारची मडकीही फोडते. म्हणून नेण्याआधी ती गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे, आणखी चार दिवस थांबा.